गुडघा आणि पऱ्या

दुखणं जुनं झालं की माणसाचा मुलूख आक्रसत जातो. आधी गाव सुटतं, मग लांबची लग्नकार्यं, मग देवळाच्या पायऱ्या. पुढे भाजीही कोणीतरी आणून देतं. शेवटी पलंग, न्हाणीघर आणि गॅलरीतली खुर्ची एवढंच उरतं, आणि त्यातलीही बरीचशी जागा गुडघ्याने अडवलेली असते. सकाळी रग, दुपारी ठणका, रात्री कूस बदलताना सणक. दिवसाचे प्रहर तोच ठरवतो.

माझी आत्या डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. तिचं माहेर देवरुखच्या अलीकडचं, घरामागून पऱ्या वाहणारं. ऐंशी ओलांडल्यावर दोन्ही गुडघे झिजले. हृदय अशक्त, म्हणून शस्त्रक्रियेला डॉक्टर तयार नाहीत. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या या वयात पोटाला आणि मूत्रपिंडाला जड जातात, म्हणून त्याही मोजून. मग उरतं काय? शेक, तेल, बसल्याबसल्याचा व्यायाम आणि सोसणं.

या उरलेल्यात माझ्या लेकीने एक भर घातली. मित्राकडून तिने तो आभासी दुनियेचा चष्मा मागून आणला. आत्याच्या मते ते डबडं. आधी लावलं ते परदेशातलं जंगल : उंच सरळ झाडं, मागे बर्फाचे डोंगर, मधे निळंशार तळं. आत्या मान न हलवता बसून राहिली. ‘छान आहे हो,’ म्हणाली, आणि तिचा उजवा हात नेहमीप्रमाणे गुडघ्यावर गोल गोल फिरत राहिला. हा हात मी कित्येक वर्षं बघते आहे. बोलताना, जपमाळ ओढून झाल्यावर, झोपेतसुद्धा तो गुडघा चोळत असतो.

मग लेकीने कोकणातल्या पावसाचं एक चित्रण शोधून काढलं. कोणीतरी कॅमेरा घेऊन पऱ्याच्या काठाने चाललं होतं. जांभ्याचा गडगा, शेवाळलेले कातळ, वाकलेल्या पोफळी, चहूकडून पाण्याचा आवाज. आत्याने मान डावीकडे वळवली, मग पार मागे. ‘हळू रे, निसरडं आहे तिथे,’ ती त्या न दिसणाऱ्या माणसाला म्हणाली. थोड्या वेळाने, ‘त्या दगडाखाली कुर्ली असणार बघ.’ मी तिच्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर उताणा पडला होता, काहीही न करता. चष्मा उतरवल्यावर मी विचारलं, ‘आत्या, गुडघा?’ ती म्हणाली, ‘दुखत असेल. मी बघितलं नाही.’

तिच्या या उत्तरात बरंच शास्त्र आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलं की, वेदनेचा निरोप मेंदूकडे थेट जात नाही, मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं. स्पर्शाचे निरोप ते दार थोडं लोटून घेतात. लागलं की आपण चोळतो ते उगीच नव्हे. आणि मन कुठे गुंतलं आहे, धास्तावलं आहे की निवांत आहे, त्यावर मेंदूही वरून ते दार कमीजास्त लोटू शकतो. आत्याचा हात वर्षानुवर्षं खालून दार लोटत आला होता. पऱ्याच्या काठी ते काम बहुधा वरूनच झालं.

त्यातही निसर्गाचंच एवढं काय? रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे 1972 ते 1981 मधले कागद चाळले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या त्यांनी लावल्या. वय, प्रकृती शक्य तितकी सारखी, फरक फक्त खिडकीचा : एकाला झाडं दिसत, दुसऱ्याला तपकिरी विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांनी वेदनेची कडक औषधं कमी घेतली. हा निष्कर्ष 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सिअ‍ॅटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी आभासी हिमप्रदेश उभा केला. पट्ट्या बदलताना रुग्णांनी त्यात बर्फाचे गोळे फेकायचे. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांचा 2025 मधला प्रयोग आणखी नेमका. निरोगी माणसांच्या हाताला विजेचे छोटे झटके देताना त्यांना पडद्यावर कधी निसर्ग, कधी शहर, कधी बंद खोली दाखवली. निसर्ग बघताना त्यांनी दुखणं कमी सांगितलं आणि मेंदूच्या चित्रांतही वेदनेची खूण फिकी झालेली दिसली.

पण विजेचा झटका क्षणाचा असतो, भाजलेलं कधीतरी भरून येतं. तीन महिन्यांहून जास्त मुक्कामाला राहिलेलं दुखणं वेगळं. चोर केव्हाचा पळाला तरी भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखी मज्जासंस्था जागीच राहते. तिला नुसतं भुलवून भागत नाही, शांत व्हायला शिकवावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी अशा चष्म्यावरच्या एका उपचाराला मान्यता दिली. तो आठ आठवडे रोज थोडा थोडा घ्यायचा असतो. त्यात नुसती दृश्यं नाहीत, श्वास लांबवणं आणि लक्ष दुसरीकडे वळवणं यांचा सरावही आहे. चष्मा उतरल्यावरही हाताशी राहावं ते हे.

आत्याकडे बघून मला मात्र आणखी एक गोष्ट वाटते. पडद्यावर वास नव्हता, ओल नव्हती, पायाला गारवा नव्हता. तरीही ती त्या दगडाखालची कुर्ली बघू शकली. अर्धं रान यंत्राने पाठवलं, उरलेलं तिच्या बालपणाने पुरवलं. परदेशी तळ्यात भर घालायला तिच्याजवळ काही नव्हतं, म्हणून ते नुसतं चित्र राहिलं. म्हाताऱ्या माणसांजवळ अशी शिल्लक पुष्कळ असते. ती कुठल्या गावची, एवढं आधी विचारून घ्यायला हवं. विदर्भातल्या आजोबांना समुद्र नको असेल, पळसाने पेटलेला माळ हवा असेल. आणि ही ओळख दरवेळी सुखाचीच असेल असंही नाही. त्या संध्याकाळी आत्या माहेरच्या घराला आता कुलूप आहे, एवढंच दोनदा बोलली.

यंत्राचेही काच आहेत. चष्म्याचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मान धरलेल्या माणसाला तेच ओझं. दृश्य चालतं आणि देह बसलेला असतो, त्याने मळमळतं, गरगरतं. म्हणून हातवाली भक्कम खुर्ची, शेजारी माणूस, थोडाच वेळ आणि उतरवल्यावर लगेच उठायचं नाही. ठणका रात्री परत आलाच. पण मधल्या उसंतीत आत्याने बसल्याबसल्या पाय सरळ करून धरण्याचा तो व्यायाम कुरकुर न करता केला. मला तीच मिळकत मोठी वाटते, कारण दुखेल या धास्तीने न हलवलेला सांधा आणखी आखडतो.

चार दिवसांनी लेकीने विचारलं, ‘आजी, पुन्हा पऱ्या लावू?’ आत्या म्हणाली, ‘पऱ्या झाला बघून. देवरुखचा बाजार आहे का त्यात? रानात दोन शब्द भांडायला कोणी नाही गो.’

बाजार तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच भरतो. भाजीवाली अजून आत्याची चौकशी करते. मधे तीन मजल्यांच्या पायऱ्या आहेत, आणि सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय दरवर्षी खर्चावर येऊन अडतो. डबड्यातलं रान औषध म्हणून जरूर असावं. पण पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडी, दर मजल्यावर टेकायला एक बाक आणि पुढेमागे लिफ्ट हेही आत्याच्या गुडघ्याचंच औषध आहे. येत्या सभेत मी हा विषय त्याच नावाने मांडणार आहे.