नागासाकिया होती तिथे

ताकाहाशी कागेयासु १८२९ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, तुरुंगात मेले, तेव्हा त्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. सरकारने त्यांचं प्रेत मिठात घालून ठेवलं. वर्षभराने निकाल सुनावला गेला : शिरच्छेद. गुन्हा एवढाच, की त्यांनी एका परक्या डॉक्टरला नकाशे दिले होते.

हे प्रकरण जिथे सुरू झालं ती सराई आज नाही. तिची जागा पाहायला मी टोकियोत मुद्दाम गेलो. शिन-निहोनबाशी हे १९७२ साली सुरू झालेलं भुयारी स्टेशन. त्याच्या चार नंबरच्या दारातून वर आलं की भिंतीत बसवलेला एक फलक दिसतो : इथे 'नागासाकिया' होती. बस, एवढंच. जोतं नाही, विहीर नाही, एखादा दगडसुद्धा नाही. समोर रुंद रस्ता, ऑफिसांच्या इमारती आणि घड्याळाकडे बघत चाललेली माणसं. मी फलक वाचत उभा होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणी थांबलं नाही.

नागासाकिया मुळात औषधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं घर. मालक पिढ्यान्‌पिढ्या गेनएमोन हेच नाव लावायचे. जपानने युरोपियनांना दारं बंद केली तेव्हा फक्त डच कंपनीला नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहू दिलं. हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. या डचांनी एदोला येऊन शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, मुजरा करायचा आणि नजराणे द्यायचे, असा दंडक १६३३ पासून दरवर्षी पाळला गेला. १७९० नंतर तो चार वर्षांतून एकदा झाला आणि १८५० साली शेवटची स्वारी आली. हजार किलोमीटरहून लांब प्रवास करून आलेले हे पाहुणे एदोत उतरायचे ते नागासाकियात. पहारा असायचा, मोकळं हिंडायला बंदी. चित्रकार होकुसाईने १७९९ च्या एका चित्रात हे घर दाखवलंय : आतून बाहेर डोकावणारे डच, आणि त्यांना बघायला रस्त्यावर जमलेले बघे.

बंदी होती ती पाहुण्यांनी बाहेर पडण्यावर. जिज्ञासू माणसं मात्र परवानग्या काढून आत येत होती. १६९१ मध्ये आलेला डचांचा डॉक्टर केम्फर शोगुन त्सुनायोशीपुढे नाचला, गायला, कारण तसा हुकूम होता. पुढे जपानवरचा त्याचा ग्रंथ सगळ्या युरोपने वाचला. १७७६ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग आला, तेव्हा नाकागावा जुनआन आणि कात्सुरागावा होशू हे तरुण वैद्य रात्र होईपर्यंत त्याच्याजवळ बसून शिकत. दोनच वर्षांपूर्वी, १७७४ मध्ये, सुगिता गेनपाकू आणि सहकाऱ्यांनी शरीररचनेच्या डच पुस्तकाचं भाषांतर छापलं होतं. त्यात जुनआन आणि होशूही होते. भारतात शिकवलं जाणारं आधुनिक वैद्यक सत्तेबरोबर आलं. इथे ते औषधाच्या दुकानाच्या माडीवर, कुणी लादल्याशिवाय, माणसांनी स्वतःहून मागून घेतलं. मला या जागेचं अप्रूप आहे ते यासाठी.

आणि मग १८२६. फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड हा जर्मन डॉक्टर डचांच्या चाकरीत एदोला आला. शोगुनचे नेत्रवैद्य हाबू गेनसेकी यांना त्याच्याकडची डोळ्याची बाहुली विस्फारणारी वनस्पती हवी होती. तिच्या माहितीच्या बदल्यात त्यांनी शोगुनच्या घराण्याचं चिन्ह असलेलं वस्त्र त्याला दिलं. ताकाहाशी भेटले ते इथेच. ते सरकारी खगोलशास्त्रज्ञ आणि शोगुनच्या ग्रंथालयाचे प्रमुख. त्यांचे वडील योशितोकी यांचे शिष्य इनो तादाताका यांनी पंचावन्नाव्या वर्षी मोजणी सुरू करून सगळा जपान पायी मोजला होता. इनो १८१८ मध्ये गेले, आणि २१४ पत्रांचा तो नकाशा ताकाहाशींच्या देखरेखीखाली १८२१ मध्ये पुरा झाला.

सिबोल्डकडे रशियन दर्यावर्दी क्रुझेनस्टर्नचं प्रवासवर्णन होतं. रशियनांनी उत्तरेकडे १८०६-०७ मध्ये हल्ले केले होते, त्यामुळे ते पुस्तक ताकाहाशींना आपल्या देशाच्या कामासाठी हवं होतं. त्यांनी बदल्यात नकाशांच्या नकला दिल्या. देशाचा नकाशा परक्याच्या हाती देणं गुन्हा होता आणि ताकाहाशींना तो कायदा ठाऊक होता. तरी त्यांनी दिल्या.

१८२८ मध्ये सिबोल्डने संशोधक मामिया रिनझो यांना ताकाहाशींमार्फत एक पुडकं पाठवलं. मामियांनी ते न उघडता वरिष्ठांकडे जमा केलं, आणि तिथून चौकशीची चक्रं फिरली. ताकाहाशींना अटक झाली, आणि काही महिन्यांत ते तुरुंगातच वारले. निकालानंतर त्यांच्या मुलांना बेटावर हद्दपार केलं. मुलांनी कुणाला काय दिलं होतं? हाबूंचं पद गेलं. सिबोल्डला देशाबाहेर काढलं, पण नकला त्याने आधीच लपवून काढून ठेवल्या होत्या. युरोपात जाऊन त्याने नकाशा छापला, ग्रंथ छापला, नाव कमावलं. शिकणाऱ्याला मरण आणि परक्याला कीर्ती, असा हा हिशेब झाला.

नागासाकियाजवळ वेळ सांगणारी घंटा होती. १७११ साली ओतलेली ती काशाची घंटा आज चालत जाण्याच्या अंतरावर, कोदेनमाचोच्या जिश्शी पार्कमध्ये, १९३० साली बांधलेल्या काँक्रीटच्या मनोऱ्यात आहे. केम्फर सोडला तर बाकी साऱ्यांनी हीच ऐकली असणार. पार्क उभं आहे ते जुन्या तुरुंगाच्या जागेवर. ताकाहाशी मेले तो हाच तुरुंग. सराईतली ती भेट आणि हा शेवट एकमेकांच्या इतके जवळ असतील असं मला वाटलं नव्हतं.

तिथे पोचेपर्यंत माझा राग मामियांवर होता. पण त्यांनी कायदा पाळला, एवढंच. आणि नवल म्हणजे सिबोल्डने आपल्या नकाशात साखालिन आणि मुख्य भूमीमधल्या सामुद्रधुनीला मामियांचंच नाव दिलं. मग राग सिबोल्डवर काढावा, तर मूळ नकाशा १८७३ च्या राजवाड्यातल्या आगीत जळाला, इनोंच्या घरची प्रत १९२३ च्या भूकंपात गेली, आणि २००१ मध्ये २१४ पैकी २०७ पत्रांच्या नकला सापडल्या त्या वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात. नकाशा देशाबाहेर जाणं हा घात होता असं आज कोणत्या तोंडाने म्हणायचं? तरीही कायदा मोडला होता, हे मी नाकारत नाही. कायद्याने काय करावं याला मात्र मर्यादा हवी. मेलेल्या माणसाचं प्रेत निकालासाठी टिकवणारं सरकार कोणत्याही सबबीवर मला मान्य नाही.

आपल्याकडचे बरेच प्रवासी टोकियोत असाकुसाचं देऊळ आणि शिबुयाचा चौक बघून परततात. त्यांनी एक सकाळ इकडे द्यावी. चार नंबरच्या दाराने वर या, फलक वाचा, तिथून जिश्शी पार्कला चालत जा. पाय शिल्लक असतील तर उएनोजवळच्या गेनकुजी देवळात जा. आपल्याहून एकोणीस वर्षांनी लहान असलेल्या गुरूशेजारीच मला पुरा, अशी इनोंची इच्छा होती, आणि त्यांची व योशितोकींची थडगी तिथे शेजारी-शेजारी आहेत.