रेडिएटर आणि फुटबॉल

आमच्या आष्ट्यात शेतकऱ्यासमोर ‘फुटबॉल’ म्हणालात तर त्याला मेस्सी आठवणार नाही. आठवेल तो मोटरच्या पाईपच्या टोकाला पाण्यात बुडालेला फूट व्हॉल्व्ह. पाईपमधलं पाणी परत नदीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो गळका झाला की मोटर नुसतीच ओरडते. मग पाईपमध्ये शेणकाला ओता आणि देवाचं नाव घ्या.

तर मंडळी, या वीकांताला इथे श्टुटगार्टमध्ये मी त्याच जातीचं काम केलं. भर जुलैत रेडिएटरच्या झडपा तपासल्या. शेजारी हसला. हसू दे बापडा.

रेडिएटरच्या नॉबवर ५ पर्यंत आकडे असतात. आत मेण किंवा द्रव भरलेली कुपी. खोली तापली की ते फुगतं, खालची पिन दाबतं, गरम पाणी बंद. गारठा आला की स्प्रिंग पिनेला वर ढकलते. वीज नाही, कोड नाही, तरी अस्सल फीडबॅक लूप! १९४३ साली डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेनने ही युक्ती काढली.

बग एकच. उन्हाळाभर लोक नॉब बंद करून ठेवतात. पिन पाच-सहा महिने दाबलेली राहते, क्षार धरतात आणि ऑक्टोबरात नॉब कितीही फिरवा, ती वर येत नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूने हेच करून ठेवलं होतं. गेल्या हिवाळ्यात एक खोली तीन आठवडे थंडगार, कारण प्लंबरची तारीखच मिळेना. मी एकटा होतो, चाललं. येत्या ऑक्टोबरात आई-अण्णा येतायत, आणि थंडीत आईचे गुडघे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

म्हणून नॉब काढला (रिंग हाताने सुटते, नाहीतर पक्कड), पिन लाकडी चमच्याच्या दांड्याने हळूच दाबून सोडली. ती ३-४ मिलिमीटर उसळली की झालं. एक अडकलेली होती. थेंबभर तेल, बाजूने हलके ठोके, सुटली. पिन पक्कडीने ओढायची मात्र नाही. निघून हातात आली तर आतलं काळं पाणी थेट अंगावर! मग सगळे नॉब ५ वर ठेवले. हीटिंग बंदच असतं, बिल वाढत नाही.

अण्णांना फोनवर सांगितलं. “त्यात काय एवढं? फुटबॉलबी तसाच की.” २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ते मृगाआधीच कृष्णेवरची मोटर वर आणतात. फुटबॉल मात्र कोरडा ठेवत नाहीत, गोठ्यातल्या बादलीत बुडवून ठेवतात. आतलं चामडं वाळलं की तडकतं, मग नीट बसत नाही.

“रबराचा का नाही घेत, अण्णा?” मी विचारलं.

“चामडंच बरं. बरं, तुझ्यात पाना हाय का, का येताना घिऊन येऊ?”

सामानाच्या तेवीस किलोंत आईची चटणी आधी बसवायचीय, म्हणून नको म्हणालो. आणणारच आहेत :-)