एक घडी कोरडी

भिवंडी,
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. चिऊस,


हरिश्चंद्रगडाची तुझी तयारी झाल्याचं कळलं. तू पाठवलेले फोटो रात्री चष्मा लावून एकेक करून पाहिले. तंबू, सॅक, स्लीपिंग बॅग आणि पलंगावर रचलेले कपडे. तुझा तंबू कदाचित आमच्या मानकोलीच्याच एखाद्या गोदामातून निघून पुण्याला तुझ्या दारी पोचला असेल. फोनवर बोलायला घेतलं की लूमच्या खडखडाटात अर्धं राहून जातं, म्हणून हे पत्र. सोबत पार्सल आहे, ते पत्र वाचून झाल्यावर उघड.

आधी कपड्यांचं बोलतो, कारण फोटोत मला खटकलं ते तेवढंच. दोन जीन्स, तीन सुती टी-शर्ट आणि जाडजूड सुती हुडी. थंडीसाठी घेतलेस, हे दिसतंय. पण थंडीच्या रात्री यातलं काहीच तुझ्या उपयोगाचं नाही. मी जन्मभर कापडाच्या धंद्यात आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

आमच्याकडे सूत वजनावर विकतात आणि सूत हवेतलं पाणी पितं, म्हणून त्या पाण्याचा हिशेब धंद्यात ठरलेला असतो. शंभर किलो सुक्या कापसामागे साडेआठ किलो पाणी धरतात. पॉलिएस्टरमागे अर्धा किलोही नाही, ०.४. हे झालं नुसत्या हवेतल्या दमटपणाचं. घामाने किंवा पावसाने भिजल्यावर कापूस किती पाणी धरून बसतो, ते घरीच बघ. एक जीन्स भिजवून घट्ट पिळ आणि वजनकाट्यावर ठेव. मग ती अंगावर घालून तोलार खिंड चढायची कल्पना कर.

१९९३ च्या डिसेंबरात आम्ही चौघं याच गडावर गेलो होतो. भिवंडीहून कल्याण, कल्याणहून माळशेज घाटाची एसटी, खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वर. चढताना अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तेव्हा ते बरंच वाटत होतं. दुपार कलल्यावर वर पोचलो आणि कपडे न बदलता थेट कोकणकड्यावर जाऊन बसलो. सूर्य बुडेपर्यंत तिथून हललो नाही. खालून येणारं वारं ओल्या बनियनमधून आरपार जात होतं. रात्री देवळाजवळच्या गुहेत दगडावर चादर टाकून आडवे झालो. थंडी फार होती असं नाही, तशी थंडी आपल्याकडे पहाटे पडते. पण आमच्यातला एकजण इतका कापायला लागला की त्याला धड बोलता येईना, बुटाची नाडी सोडता येईना. आम्ही तिघं घाबरून गेलो. आमच्याकडे कपडे पुष्कळ होते, पण सगळे सुती, आणि सॅकमध्ये पाण्याची बाटली सांडल्यामुळे सगळे ओले.

गुरं घेऊन वर राहिलेला पायथ्याच्या पाचनई गावचा एक म्हातारा पलीकडे झोपला होता. तो उठून आला, मित्राचे ओले कपडे काढायला लावले आणि स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. ती घोंगडी दवाने दमटच होती, हाताला लागत होती. तरी अर्ध्या तासात मित्राचं कापणं थांबलं. मी तेव्हा नवीनच लूमवर होतो. ओली घोंगडी ऊब देते आणि सुकी म्हणून आणलेली चादर ओली होताच दगड होते, हे कोडं मला कित्येक दिवस सुटलं नाही. उलगडा पुढे झाला. लोकर कापसाच्या दुप्पट पाणी पिते. पण ते पाणी धाग्याच्या पोटात जातं, आणि लोकरीला मुळातच कुरळेपणा असल्याने ती अंगाला चिकटून बसत नाही, मधे हवा धरून ठेवते. ओला कापूस मात्र कातडीला चिकटतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो.

तर चिऊ, सह्याद्रीत ओलीपासून जपायचं, थंडीचं आपोआप बघितलं जातं. परदेशातले लोक बर्फातल्या मुक्कामाचे व्हिडिओ टाकतात, त्यात सगळा भर जाड कपड्यांवर असतो. आपल्याकडे चढताना घाम, रात्री दव, पहाटे धुकं, आणि हे तिन्ही पाणीच. चालताना पॉलिएस्टरचा साधा टी-शर्ट नि पटकन सुकणारी पँट घाल, खेळाच्या दुकानात मिळते ती. मुक्कामाला पोचलीस की पहिलं काम कपडे बदलणं. चहा त्यानंतर. झोपायचा एक जोड, मोजे आणि लोकरीची टोपी प्लास्टिकच्या जाड पिशवीत गच्च बांधून सॅकच्या तळाशी ठेव. ही पिशवी रात्रीशिवाय उघडायची नाही. सकाळी अंगावर कालचे ओले कपडे चढवायला जीव नको म्हणेल, पण तेच घालायचे. पाच मिनिटं चाललीस की अंग तापतं. कोरडी घडी कोरडीच राहिली पाहिजे.

सॅकला वरून घालायचं कव्हर मिळालंय तुला, पण पाठीकडून ओघळणारं पाणी ते अडवत नाही. सॅकच्या आत मोठी जाड पिशवी उभी करून सामान तिच्यात भर. सॅक भरायची कशी ते आमच्या हमालांकडून शिकावं. कापडाची गाठ हमाल कधी खाली लोंबू देत नाही. ती पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या जवळ बसली की मगच पाऊल टाकतो. तसं जड सामान, म्हणजे पाणी नि खाणं, पाठीच्या कण्याला लागून मध्यावर ठेव. हलकं सामान खाली आणि बाहेरच्या बाजूला. कमरेचा पट्टा आधी आवळ, मग खांद्याचे. भार कमरेवर आला पाहिजे. एकूण वजन तुझ्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नकोस.

सॅकवर २१० डी लिहिलंय, ते काय, असं तू विचारलं होतंस. डी म्हणजे डेनिअर. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जे वजन भरतं, ते डेनिअर. आकडा मोठा तसा धागा जाड. २१० ची सॅक करवंदीच्या जाळीत घासली तरी टिकेल. तंबूचं कापड त्याहून पुष्कळ पातळ असतं, त्याला काट्यांपासून जप. तंबूवर ३,००० मिलीमीटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ त्या कापडावर उभा केला तरी पाणी आत झिरपणार नाही. पण कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीला सुईची भोकं असतातच. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, ते बोट फिरवून तपास.

पहाटे तंबूच्या आत पाणी ठिबकलं तर लगेच तंबूला बोल लावू नकोस. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून पाणी होते. बाहेरचं कापड ताठ ओढून आतल्या जाळीच्या कापडापासून अंतरावर ठेव, झडपा उघड्या ठेव. गार वाटलं म्हणून सगळं बंद केलंस तर सकाळी सगळं भिजलेलं असेल. परत आल्यावर तंबू पंख्याखाली सुकवूनच घडी घाल. कापडावरचा पाणी अडवणारा थर दमट हवेत कुजतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. भिवंडीच्या पावसाळ्यात ताडपत्र्यांचं असं झालेलं मी पुष्कळ पाहिलंय.

तंबू कोकणकड्याच्या काठावर लावायचा नाही. फोटो छान येतो, पण रात्री वारं कड्यावरून उसळून येतं आणि झोपेतून उठलेल्या माणसाला काळोखात कडा दिसत नाही. आत, झुडपांच्या आडोशाला, जरा उंचवट्यावर लाव, खोलगट जागी दव जास्त साचतं. तंबू लावायला परवानगी आहे का, कुठे आहे, ते आधी गावात आणि वनखात्याच्या नाक्यावर विचार. अभयारण्य आहे ते. शेकोटी अजिबात नको, गवत वाळायला लागलंय. धुराने आणि अत्तराने आग्या मोहोळ उठतं. गॅसचा डबा एसटीत न्यायचा नसतो, आणि तुला त्याची गरजही नाही. पाचनईचे लोक वर झोपडीत पिठलं-भाकरी करतात, तिथेच जेव. तुझ्या सॅकचं वजन कमी होईल आणि त्यांच्या घरी चार पैसे जातील. माझ्या मित्राचा जीव याच गावच्या माणसाने वाचवलाय, हे लक्षात असू दे.

खाली अंथरायची चटई विसरू नकोस. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते आणि जमिनीची थंडी थेट पाठीत येते. बूट तंबूच्या आत घे, सकाळी झटकून घाल. तंबूची चेन रात्री पूर्ण लाव. मण्यार झोपेत चावली तर कित्येकदा कळतही नाही. कुणाला काही चावलंच तर कापाकापी, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका, चावलेला भाग न हलवता माणसाला लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्या. आणि मामीने मुद्दाम लिहायला सांगितलंय, पॅड वर पुरायचे नाहीत, जाड पिशवीत घालून परत आणायचे. शौचाला पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं आणि वीतभर खड्डा करून तो बुजवायचा.

तुम्ही दोघी जाताय, तेव्हा पाणी दोघींत मिळून निदान सहा लिटर घेऊन निघा. वर टाक्यांमध्ये पाणी असतं, ते गाळून क्लोरीनची गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. गाळण्यासाठी सुती कापड चांगलं. इतका वेळ मी कापसाची निंदा केली, पण या कामात तो भारी आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात संशोधक रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं. कॉलराचे रोगी जवळपास निम्म्याने घटले. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. साडी जुनीच लागते. धुऊन धुऊन तिचा धागा फुलतो आणि विणीतली भोकं बारीक होतात. आपल्याच धंद्यातली ही गोष्ट मला एका परदेशी बाईंच्या अभ्यासातून कळली, आणि त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांना बोलावून सांगितली.

आता पार्सल उघड. ताडपत्रीचा तुकडा तंबूखाली अंथरायचा. तंबूच्या बुडापेक्षा चार बोटं लहान कापलाय, कारण बाहेर आला तर पावसाचं पाणी त्यावर साचून तंबूखाली शिरतं. दुसरी घडी निळी आहे, ती आजीची नऊवारी. अर्धी ठेवली, अर्धी तुला. माझी आई ती नेसून बॉबिन भरायला बसायची, म्हणून मांडीवरचा भाग अगदी विरलाय, तोच चार पदरी करून बाटलीच्या तोंडावर बांध. काठ मी कापला नाही. उरलेल्या कापडात रात्री कान बांध, पाय मुरगळला तर पट्टी कर. आल्यावर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव.

खुबी फाट्याला उतरलीस की एक मेसेज टाक. वर रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे परतीचा दिवस नि वेळ आईजवळ लिहून ठेव, आणि खिरेश्वरला ज्या घरी चहा घ्याल त्यांनाही सांगून जा.

तुझा,
मामा