धीर

भनपुरीत, कारखान्यांच्या शेजारी आम्ही राहतो. चर्चच्या मंडळीत कुणी अडचणीत असलं की आई त्यांना पोस्टकार्ड पाठवते. तिचा हात कापू लागल्यापासून ती मराठीत सांगते आणि मी हिंदीत लिहितो. ५० पैशांच्या कार्डावर जागा ती किती!

परवा मंडळीतल्या एका बहिणीला लिहायचं होतं. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. आई म्हणाली, "तिला धीर दे." मी लिहिलं, ‘धीरज रखिए.’

आईनं ते वाचायला लावलं. "अरे, हे तर तू तिलाच ठेवायला सांगतोयस. धीर आपण द्यायचा असतो ना?"

इतकी वर्षं अनुवाद करतोय. हिंदीतही धीरज बंधवता येतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण हाताशी आली ती आज्ञाच.

गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी पौलानं स्वतःच्या हातानं मोठमोठी अक्षरं लिहिली. आईनंही पेन मागून घेतलं आणि उरलेल्या जागेत वाकडंतिकडं, मराठीतच लिहिलं : ‘रविवारी डबा घेऊन येते.’

"हिंदीत करू?" मी विचारलं.

"लिपी एकच आहे. वाचेल ती."

कार्ड पेटीत टाकलं. रविवारी डबा मलाच उचलायचा आहे.