सामायिक कपाटाची किल्ली

आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत एक जुने सागवानी कपाट आहे. त्याला दोन किल्ल्या. एक माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, दुसरी कचेरी सांभाळणाऱ्या ताईंपाशी. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या त्या कपाटात राहतात. सेमिनरीत असताना कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतील ५३५ वा नियम आम्ही घोकून पाठ केला होता. नोंदवह्या नीट लिहाव्यात, जपून ठेवाव्यात, जुन्या वह्याही तितक्याच काळजीने राखाव्यात आणि त्या परक्याच्या हाती पडणार नाहीत याची दक्षता प्रमुख धर्मगुरूने घ्यावी, असे तो नियम सांगतो. पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेत लाकडी कपाटाच्या बाबतीत माझ्याकडून कधी हयगय झाली नाही. हयगय झाली ती ज्याला ना लाकूड ना कुलूप अशा एका कपाटाच्या बाबतीत. ती हकिकत वाचकांपुढे ठेवावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

कचेरीतील संगणक जुना होऊन अडखळू लागला होता. २०२२ च्या दिवाळीनंतर धर्मग्रामातील एका तरुण इंजिनियरने त्यावर लिनक्सची उबुंटू २२.०४ ही प्रणाली बसवून दिली. तिला पैसे पडत नाहीत, हे ऐकून आमच्या अर्थसमितीने आनंदाने संमती दिली. लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. मात्र तिची घडण युनिक्स या आणखी जुन्या प्रणालीवरून घेतलेली आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्या काळी एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. त्यामुळे 'ही वस्तू कोणाची आणि तिला हात कोणी लावावा' हा प्रश्न त्या प्रणालीच्या रक्तातच आहे. घरगुती संगणकावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याची सवय नसते. मलाही नव्हती.

त्याच सुमारास आमच्या एका सेवानिवृत्त मास्तरांनी एक काम अंगावर घेतले. सर्वांत जुन्या मृत्युनोंदवहीला कसर लागली होती. पान उलटताना कडा हातात येत. ती संपूर्ण वही संगणकावर उतरवून काढण्याचा मास्तरांनी निश्चय केला. ते वाचनालयात लॅपटॉपवर बसत, लॅटिन शब्द अडला की माझ्याकडे येत. ताई कचेरीतल्या संगणकावर दाखले तयार करीत. शनिवारी कॉलेजात शिकणारा एक मुलगा येऊन धर्मग्रामाचे वार्तापत्र जुळवीत असे. तिघांचे कागद एकाच ठिकाणी असावेत, पेनड्राईव्हची धावपळ थांबावी, एवढीच माझी अपेक्षा होती. इंजिनियर एव्हाना नोकरीसाठी आखातात गेला होता. तेव्हा हे काम मीच करायचे ठरवले.

माझ्या नावाच्या घरफोल्डरात मी एक फोल्डर केला आणि तो जाळ्यावर सामायिक करण्याची खूण केली. मास्तरांच्या लॅपटॉपवर त्याचे नाव उमटले. उघडायला गेलो तर पासवर्ड विचारला. मी मास्तरांचा पासवर्ड अचूक दिला, तरी तो नाकारला गेला. दोन संध्याकाळी घालवल्यावर कारण कळले. लिनक्सचे फोल्डर विंडोजच्या यंत्रांना दाखवण्याचे काम साम्बा नावाचा कार्यक्रम करतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास तो लिहिला. विंडोजच्या त्या बोलीची आद्याक्षरे एस, एम, बी. ती ज्यात क्रमाने येतात असा शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधला आणि 'साम्बा' हे नाव मिळाले. हा साम्बा पासवर्डांची आपली वही वेगळी ठेवतो. यंत्राच्या वहीत मास्तरांचे नाव होते, साम्बाच्या वहीत नव्हते. ते घातल्यावर पासवर्ड चालला.

तरीही फोल्डर उघडेना. आता 'परवानगी नाकारली' एवढेच शब्द येत. फोल्डरावर सर्वांना मुभा दिलेली मी डोळ्यांनी पाहत होतो. मग अडचण कुठे? ती वरच्या पायरीवर होती. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचा घरफोल्डर इतरांना बंद ठेवण्याची रीत सुरू झाली आहे. खोलीचे दार सताड उघडे, पण फाटकाला कुलूप, अशी ती स्थिती होती. आत पोहोचण्यासाठी वाटेतील प्रत्येक दारातून जाण्याची मुभा लागते. पण त्या वेळी हे मला समजले नव्हते. मी कंटाळलो होतो. रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी सहाची मिस्सा होती. कुणीतरी सांगितलेला सोपा उपाय आठवला: सगळ्याला ७७७ द्या. घरफोल्डरापासून आतल्या शेवटच्या फाईलपर्यंत मी ७७७ देऊन टाकले आणि पाहुण्यांना पासवर्डाविना प्रवेशही मोकळा केला. सगळे काही चालू लागले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

७७७ चा अर्थ येथे सांगितला पाहिजे. लिनक्स प्रत्येक फाईलपाशी तीन प्रकारची माणसे ओळखते: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन मुभा देता येतात. वाचनाला ४ गुण, लेखनाला २, चालवण्याला १. सगळ्या मुभांची बेरीज ७. म्हणून तीन साते म्हणजे मालकाला सर्व काही, गटाला सर्व काही, वाटेवरच्या माणसालाही सर्व काही. फोल्डराच्या बाबतीत या मुभांचा अर्थ थोडा वेगळा होतो. वाचन म्हणजे आतील नावे पाहणे, चालवणे म्हणजे दारातून आत जाणे आणि लेखन म्हणजे नावांच्या यादीत भर घालणे वा नाव खोडणे. फोल्डर ही वस्तुतः नावांची एक नोंदवहीच असते. फाईल पुसणे म्हणजे त्या वहीतील नाव खोडणे. म्हणून फाईल कोणाची आहे, ती कोणी लिहिली, यावर पुसण्याची मुभा अवलंबून नसते. ज्याला फोल्डरात लिहिता येते, त्याला दुसऱ्याची फाईलही पुसता येते. हे मला आधी ठाऊक असते तर!

२०२३ च्या ऑगस्टमधील एका शनिवारी मुलाने वार्तापत्राची आवराआवर केली. मास्तरांच्या फोल्डराला 'जुने' असे नाव होते. वार्तापत्राचे मागचे अंक समजून त्याने तो पुसून टाकला. जाळ्यावरून पुसलेली फाईल कचराटोपलीत जात नाही, साम्बाला तशी मुद्दाम व्यवस्था सांगितलेली नसेल तर ती कायमची जाते. आमच्याकडे ईस्टरच्या आठवड्यात पेनड्राईव्हवर घेतलेली एक प्रत तेवढी उरली होती. त्यानंतरच्या चार महिन्यांतील सुमारे सहाशे नोंदी गेल्या.

मी त्या मुलाला ताईंच्या आणि वार्तापत्राच्या मंडळींच्या देखत फार बोललो. त्याने मान खाली घालून एकच वाक्य म्हटले, "फादर, पुसू नये असं असतं तर मशीननं अडवलं नसतं का?" मला ते उद्धट वाटले. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. मास्तर मात्र काहीच बोलले नाहीत. "वही कपाटात आहे ना, फादर? मग झालं," असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि जिथून नोंदी गेल्या होत्या ते पान उघडले.

मुलाच्या वाक्याने मला झोपू दिले नाही. मशीन अडवायलाच बसले होते. तिला अडवू नकोस असे मीच सांगितले होते. शिवाय त्याच फोल्डरात विवाहपूर्व चौकशीचे कागद होते आणि सभागृहाच्या वायफायचा पासवर्ड मी येईल त्याला देत होतो. म्हणजे लाकडी कपाटाची किल्ली खिळ्याला टांगणारा मी, दुसरे कपाट रस्त्यावर उघडे टाकून झोपलो होतो. परक्याच्या हाती कागद पडले की नाही, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सेमिनरीत नीतिशास्त्राचे प्राध्यापक शिथिलवाद आणि कठोरवाद अशी दोन टोके समजावीत. एका टोकाचा माणूस घाबरला की दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो, असे ते म्हणत. मी एका फटक्यात सर्व फाईलींना आणि फोल्डरांना ६०० दिले: फक्त मालकाला वाचन आणि लेखन. परिणाम असा झाला की मलाच आत जाता येईना! चालवण्याची मुभा काढून घेतल्याने फोल्डरांची दारे माझ्यासाठीही बंद झाली. नावे दिसत, पण पाऊल ठेवता येत नसे. त्या रात्री मी एकटाच हसलो आणि मार्गदर्शक पुस्तिका मुकाट्याने पहिल्या पानापासून उघडली.

आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर बसून जे केले, ते थोडक्यात सांगतो. प्रथम कागदावर लिहून काढले की कोणाला कशाची गरज आहे. दफ्तर ताईंना, मास्तरांना आणि मला. वार्तापत्र त्या मुलाला आणि लेख देणाऱ्यांना. पाहुण्यांना काहीच नको. त्याप्रमाणे दोन गट केले. फोल्डर माझ्या घरातून काढून यंत्रावरील स्वतंत्र जागी नेले, कारण सर्वांची वस्तू एकाच्या घरात ठेवली की घराचे फाटक प्रत्येकाला उघडावे लागते. दफ्तराच्या फोल्डराला २७७० दिले: मालकाला आणि गटाला सर्व काही, इतरांना शून्य. पुढचा २ अंक असे करतो की आत जन्मणारी प्रत्येक नवी फाईल लिहिणाऱ्याच्या गटाऐवजी फोल्डराच्या गटाची होते. तरीही ताई नेहमीचा लॅपटॉप घेऊन जाळ्यावरून जे दाखले ठेवीत, ते मला वाचता येत, पण दुरुस्त करता येईनात. साम्बाचा मूळ दंडकच असा की बाहेरून आलेल्या नव्या फाईलवर गटाला लेखन देऊ नये. तो दंडक आमच्या फोल्डरापुरता बदलला. वार्तापत्राच्या फोल्डराला आणखी एक खूण लावली. तिच्यामुळे आत लेख कोणीही ठेवू शकतो, पण दुसऱ्याचा लेख पुसू शकत नाही. तो ज्याचा त्याने किंवा फोल्डराच्या मालकानेच पुसायचा. दर शनिवारी सर्व कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क सागवानी कपाटात ठेवायची, असा नियम केला.

एका गोष्टीने मात्र मला पुन्हा दोन दिवस छळले. मास्तरांचे नाव गटात घातले, तरी यंत्र त्यांना आत घेईना. नाव यादीत स्पष्ट दिसत होते. शेवटी कळले की आधीपासून आत बसलेल्या माणसाला नवे गटसदस्यत्व लागू होत नाही. त्याने एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. मास्तरांनी तसे केले आणि फोल्डर उघडला.

व्यवस्था लागली, पण हिशेब पुरा झाला नव्हता. एका रविवारी संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. आईने चहा ठेवला. मी तिच्यासमोरच त्याला म्हटले, "बाळा, चूक माझी होती. तुला चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच माफी मागायला पाहिजे. येत्या शनिवारी तेवढ्यासाठी ये." तो गोंधळला. त्याची आई म्हणाली, "जाऊ द्या हो फादर, पोरानंही बघून पुसायला हवं होतं." पण शनिवारी तो आला आणि ज्यांच्या देखत मी त्याला बोललो होतो, त्यांच्याच देखत मी माफी मागितली. उपदेश करण्याची सवय असलेल्या माणसाला ती चार वाक्ये उच्चारणे किती कठीण जाते, हे मला त्या दिवशी समजले.

त्यानंतर मास्तरांनीच मला सुचवले, "फादर, त्यालाही दफ्तरात घ्या. माझे डोळे थकले, मी वाचीन, तो लिहील." माझे मन क्षणभर कचरले. मग मला जाणवले की ७७७ देताना मी कोणावर विश्वास टाकला नव्हता, फक्त विचार करण्याचा कंटाळा केला होता. विश्वास टाकायचा तर माणसाचे नाव घेऊन टाकावा लागतो. मी त्याचे नाव दफ्तराच्या गटात घातले. त्यांनी ठरवले की मास्तरांनी शब्द वाचावा, मुलाने टंकावा आणि प्रत्येक पानाच्या शेवटी दोघांनी ताडून पाहावे.

गेलेल्या सहाशे नोंदी त्याच वर्षीच्या नाताळाआधी पुन्हा उतरवून झाल्या. शेवटचे पान संपले त्या संध्याकाळी मुलाने डिस्कवर प्रत घेतली, सागवानी कपाट उघडून ती जागेवर ठेवली आणि किल्ली ताईंच्या हाती दिली.