पहिली आणि दोनशेवी

काल रात्री पुन्हा ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पाहिली. 2009 साली ‘डॉक्टर हू मॅगझिन’नं वाचकांकडून ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या 200 कथांना गुण मागवले, त्यात ही पहिली आली. तळाला, दोनशेवी, ‘द ट्विन डायलेमा’. दोन्ही मार्च 1984 मधल्या, लागोपाठच्या!

अँड्रोझानीत डॉक्टर आणि त्याची सहप्रवासी पेरी दोघांनाही विषबाधा झालेली. उतारा एकच, राणी वटवाघळाचं दूध. बेशुद्ध पेरीला उचलून तो कसाबसा आपल्या यानाच्या, टार्डिसच्या, दाराशी पोचतो, आणि तिथंच धडपडीत थोडं सांडतं. उरतं ते एकापुरतंच. ते तो तिला पाजतो. पीटर डेव्हिसनचा डॉक्टर तिथं संपतो आणि माझा गळा दरवेळी दाटून येतो.

सहाच दिवसांनी ‘द ट्विन डायलेमा’त त्याच डॉक्टरचं नवं रूप, कॉलिन बेकर, भ्रमाच्या भरात त्याच पेरीचा गळा आवळतो. समीक्षक कमकुवत पटकथेवर, भडक रंगीबेरंगी कोटावर बोट ठेवतात. ते खरंच आहे. पण मला वाटतं, लोकांनी गुण कापले ते त्या गळ्यावरच्या हातांसाठी. जिच्यासाठी जीव दिला, तिच्यावरच हात! एकटी पाहिली असती तर ही कथा इतकी खाली गेली नसती.

आज ती पुन्हा लावणार आहे, अँड्रोझानीचा ठसा मनात थोडा पुसट झाल्यावर.