पाण्याकाठची रात्र

"घर असताना पालात कशाला राहायचं गं?" सासूबाईंनी विचारलं, आणि मला काही उत्तर सुचेना. तुम्हांला तरी सुचलं असतं का, मैत्रिणींनो?

मुलांनी हट्ट धरला होता, डोंगरातल्या तळ्याकाठी तंबूत राहायचं! ठिकाण ठरलं भंडारदरा. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "मे संपता संपता जा, तेव्हा काजवे दिसतात." पण तेव्हा गर्दी फार, आणि दरही चढलेले. माझी नोकरी अर्धवेळ, हिशेब पूर्णवेळ! म्हणून सुटी लागताच, मेच्या पहिल्याच आठवड्यात निघालो. 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्याचाही आधार झाला. अहमदपूरहून रात्रभराचा प्रवास करून नाशिक, तिथून घोटीमार्गे शेंडी.

तळं पाहिलं आणि खरं सांगते, मन खट्टू झालं. चित्रातलं काठोकाठ पाणी कुठे दिसेना. ते खूप खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला चिखल. हे म्हणाले, "अगं, हे धरण आहे. 1910 साली काम सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. उन्हाळ्यात खालच्या शेतीला पाणी सोडतात." समोर रतनगड. तिथेच प्रवरा उगम पावते. पुढे ती गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी जायकवाडीत, म्हणजे आपल्या मराठवाड्यात येतं. हे ऐकल्यावर मात्र मी त्या पाण्याकडे जरा आपुलकीनं पाहू लागले.

काठावर चार तंबू होते, माणसं फक्त आमच्यात. त्यामुळे जेवण करून देणाऱ्या मावशींना बोलायला सवड होती. मी त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. पीठ मळून झाल्यावर तांब्याच्या धारेखाली, थेंब न सांडता हात धुतले. त्या पाहतच राहिल्या. "ताई, तुमच्याकडंबी पाण्याची वणवण हाय का?"

मी त्यांना 2016 सालची गोष्ट सांगितली. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात हंडे भरायला आम्ही रात्र रात्र जागत होतो. मग मावशी बोलू लागल्या. इथे पावसाळ्यात धो धो पाऊस, पण मेमध्ये प्यायचं पाणी ओघळातल्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. तळं डोळ्यांसमोर, आणि हंडा तो हंडाच! "सीझनात पैसा मिळतो ताई, पर पावण्यांना आंघोळीला बादली बादली गरम पाणी लागतं. तेवढ्या खेपा वाढत्यात."

सकाळसाठी आम्हीही चार बादल्या सांगून ठेवल्या होत्या. मला अगदी चोरट्यासारखं झालं.

त्याच रात्री वळवाचा पाऊस आला. वाऱ्यानं तंबूची एक खुंटी उपटली, धाकटा रडायला लागला. मावशींनी कंदील घेऊन आम्हांला घरात नेलं. पागोळ्यांचा आवाज सुरू झाला मात्र, मी उठले आणि दिसेल ते पातेलं उचलून अंगणात धावले. पाहते तो दुसऱ्या दाराने मावशीही घमेलं घेऊन आलेल्या! अंधारात आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो, की मुलं उठून बसली. सकाळी त्याच पाण्यात आमच्या आंघोळी झाल्या. मग एक कळशी घेऊन मी मावशींबरोबर विहिरीवर गेले. चढाची ती वाट एका खेपेतच गुडघ्यांना कळली.

तुम्ही जाणार असाल तर सीझनच्या आधीच जा, बोलायला माणसं भेटतात. तंबू उंचवट्यावर आहे ना, ओढ्याच्या वाटेत नाही ना, हे आधी पाहा. बॅटरी आणि कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून न्या. मुलांना धरणाच्या पाण्यात उतरू देऊ नका. काठावर गाळ असतो, खोली कळत नाही. कचरा परत आणा. आणि आंघोळीला घरी जेवढं पाणी वापरता, तेवढंच तिथे मागा, जमल्यास त्याहून कमी.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "लागली का पालात झोप?"

"पालात नाही लागली," मी म्हटलं, "एका बाईच्या स्वयंपाकघरात लागली."

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मावशींसाठी घरच्या तिखटाची पुडी बांधून म्हणाल्या, "पत्ता घेतलास ना गं त्यांचा?"